राजाच्या शेळ्या उलटतायत, दोष तणनाशकाचा का?

या वेळचं पत्र भांडुपहून आलंय. नाव छापू नका म्हटलंय म्हणून छापत नाही, मजकूर थोडा कापून देतेय.

"नमस्कार मॅडम, मी भांडुपला राहतो, ऑफिस बीकेसीला. शहापूरकडे मामाची दोन एकर जागा आहे, तिथे मामा आणि मी मिळून शेळ्या पाळल्यात, मी शनिवार-रविवार आसनगाव लोकल पकडून जातो. ३५ शेळ्या, दोन बोकड. मोठा राजा, सिरोही जातीचा, महाग घेतलेला. दुसरा चिंट्या, उस्मानाबादी, घरचाच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला राजाकडे २२ शेळ्या लावल्या, त्यातल्या १४ बरोबर वीस-एकवीस दिवसांनी परत माजावर. चिंट्याच्या ९ पैकी ८ थांबल्या, म्हणजे परत माजावर आल्या नाहीत. ऑगस्टच्या शेवटी शेजाऱ्याने सामाईक बांधावर तणनाशक मारलं होतं आणि आमचा सगळा कळप त्याच बांधावर चरतो. मामाने त्याच्याशी भांडण काढलंय, भरपाई मागायचं म्हणतो. ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय की तणनाशकाने बोकड नपुंसक होतात. खरं आहे का? राजाचा खुराक चांगला आहे, जुलैपासून सरकी पेंड आणि मका चालू केलाय, सप्टेंबरच्या मध्यात चार दिवस ताप होता तेवढा सोडला तर तब्येत टकाटक. त्याला रात्री वेगळं बांधतो, पाण्याला पाच लिटरचा कॅन कापून लावलाय. विकून टाकू का त्याला? आणि एक, आमच्या बाजूला फवारणीचा पंप मीच मारतो. लग्नाला तीन वर्षं झाली. माणसांना पण हे लागू होतं का? सहज विचारतोय."

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण प्रश्न तुम्ही बांधावरच्या फवाऱ्याचा विचारलाय आणि उत्तराचा बराचसा माल मधल्या ओळींमध्ये घाईघाईत टाकून दिलाय, ताप, पेंड, कॅन. आधी मामांना सांगा भांडण दोन महिने थांबवा. शेजाऱ्याला मी सोडून देत नाहीये, पण आत्ता तुमच्या हातात काहीच नाहीये आणि बांधावरून एकदा वाजलं की ते पोरांच्या पिढीपर्यंत जातं हे मी सांगायला नको.

एक गोष्ट तुम्ही फार छान नोंदवलीत, शेळ्या किती दिवसांनी उलटल्या, म्हणजे परत माजावर आल्या, ती. वीस-एकवीस दिवस म्हणजे शेळीचं माजाचं नेहमीचं चक्र, म्हणजे त्या शेळ्यांमध्ये गर्भ धरलाच नाही. महिना-दीड महिन्याने उलटल्या असत्या, किंवा गाभडल्या असत्या, म्हणजे गर्भ मध्येच पडला असता, तर मी आधी शेळ्यांकडे आणि रोगाकडे बघितलं असतं. इथे बोट राजाकडे जातंय. आणि राजा चढतोय, काम करतोय, त्याच्या इच्छेला काही झालेलं नाही, तेव्हा अडचण वीर्यात असणार, आणि ती डोळ्याने दिसत नाही म्हणून तर हा सगळा घोळ होतो, तगडा बोकड बघून माणूस शेळीलाच नावं ठेवतो.

आता तणनाशक. शेजाऱ्याने नेमकं काय मारलं ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला वाटतं तुम्हाला माहीतही नसेल. त्याला सरळ विचारा, रिकामी बाटली दाखव म्हणा, भांडायच्या सुरात नको. तोवर अंदाज बांधायचा तर गवत किती दिवसांत जळलं ते आठवा. एका-दोन दिवसांत करपलं असेल तर पॅराक्वाटसारखं काहीतरी, आणि आठवडाभर हळूहळू पिवळं पडत मुळापासून गेलं असेल तर बहुतेक ग्लायफोसेट. रुंद पानाचं तण वेडंवाकडं पिळून मेलं आणि गवत तसंच हिरवं राहिलं तर टू-फोर-डी. पॅराक्वाट असेल तर आधीच सांगते, ते सगळ्यात घाण, त्यावर उतारा नाही, युरोपात २००७ पासून बंद आहे आणि आपल्याकडे मिळतं. पण त्याचा मोठा डोस पोटात गेला असता तर बोकड नापीक होऊन थांबला नसता, मेलाच असता.

ग्लायफोसेट १९७४ मध्ये बाजारात आलं ते "जनावरांना काही होत नाही" याच जोरावर, आणि त्यात तथ्यही आहे. वनस्पती काही अमिनो आम्लं स्वतः बनवतात, त्या बनवण्याच्या वाटेतलं एक एन्झाइम ग्लायफोसेट अडवतं, आणि ती वाट जनावरांमध्ये नसतेच. पण कॅनमध्ये नुसतं ग्लायफोसेट नसतं ना. पानावर मेणाचा थर असतो, त्यावर थेंब टिकावा आणि आत शिरावा म्हणून साबणासारखे पदार्थ मिसळलेले असतात, आणि साबणाचं कामच मुळी चरबीचा पापुद्रा फोडणं आहे. शुक्राणूभोवती नेमका तोच पापुद्रा असतो. २०२० मध्ये वराहाच्या वीर्यावर एक अभ्यास छापून आला, प्रयोगशाळेत एका बाजूला शुद्ध ग्लायफोसेट आणि दुसऱ्या बाजूला राउंडअप, म्हणजे ग्लायफोसेटचंच बाजारातलं तयार औषध, घालून बघितलं. शुद्ध ग्लायफोसेटने नुकसान व्हायला बरंच जास्त प्रमाण लागलं, तयार मालाने त्याच्या कितीतरी कमी प्रमाणात शुक्राणूंची हालचाल मंदावली, पेशीला शक्ती देणारे मायटोकॉन्ड्रिया बिघडले. हे साबणाचं प्रकरण नवीन नाही, त्यातला एक पदार्थ, जनावराच्या चरबीपासून बनवलेला, युरोपने ग्लायफोसेटमध्ये मिसळायला २०१६ मध्येच बंदी घातली.

शुक्राणूच एवढा नाजूक का, तर तयार होताना तो पेशीतला जवळजवळ सगळा रस टाकून देतो. डोकं, मधला भाग आणि शेपूट, बस. इतर पेशींकडे विषाशी लढायला जो साठा असतो तो याच्याकडे नावापुरता. विरारहून चर्चगेटला निघालाय आणि डबा नाही, छत्री नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही, असं त्याचं. त्यात पापुद्र्यामध्ये अशी चरबी जी ऑक्सिजनने पटकन खवट होते. त्यामुळे बरीच रसायनं, वेगवेगळ्या घराण्यातली, शुक्राणूपाशी येऊन एकसारखंच नुकसान करतात. शेपूट थकते, नाहीतर डोक्यावरची टोपी, जिच्यातल्या रसाने अंड्याचं कवच भेदायचं असतं, ती वेळेआधी सुटून जाते, मग तो पोचला तरी उपयोग शून्य.

मक्यावर मारतात त्या ॲट्राझिन नावाच्या तणनाशकाचंही असंच दिसलंय. २०१७ च्या सुमाराला इस्रायलमधल्या संशोधकांनी वळूच्या वीर्यावर ॲट्राझिन आणि शरीरात त्याचं मोडून जे बनतं ते, दोन्ही तपासलं, आणि टोपीचं आणि मायटोकॉन्ड्रियाचं नुकसान दाखवलं. युरोपने ॲट्राझिन २००४ च्या आसपास काढून टाकलं, तेही मुख्यतः विहिरी-बोअरच्या पाण्यात उतरतं म्हणून. आपल्याकडे मक्यात, उसात सर्रास चालतं. पण तुमच्या खुराकातल्या मक्याच्या दाण्याची मला त्या बाजूने काळजी नाही, ते पेरल्यावर लगेच मारतात आणि दाणा भरेपर्यंत महिने जातात. मक्याची काळजी वेगळी आहे, पावसाळ्यात पोत्याला ओल लागून बुरशी आली असेल तर त्या बुरशीतलं एक विष मादीच्या हार्मोनसारखं वागतं. पोत्यात हात घालून तळाचा मका वर काढा आणि वास घ्या. कुबट आला तर टाकून द्या, कोंबड्यांनाही घालू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे त्या व्हिडिओत शंभर टक्के नसणार. हे जे अभ्यास मी सांगितले त्यात वीर्य बाहेर काढून त्यावर औषध ओतलेलं आहे. बांधावरचं गवत खाल्लेल्या बोकडाच्या अंडकोषापर्यंत तेवढं औषध पोचतं का हा वेगळाच प्रश्न. ग्लायफोसेट पोटातून पूर्ण शोषलं जात नाही, उंदरांमध्ये साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा रक्तात जातो, बाकी लेंड्यांतून बाहेर, आणि जे जातं तेही काही दिवसांत लघवीवाटे निघतं, चरबीत साठून बसत नाही. उंदरांना रोज मोठे डोस देऊन केलेल्या काही प्रयोगांत टेस्टोस्टेरॉन कमी झालेलं, शुक्राणू कमी झालेले दिसलेत हे खरं, पण ते रोज आणि मोठे. तुमचा कळप एकदा फवारलेल्या बांधावर चरला. तेव्हा शक्यता आहे, पण त्यावर पोलीस पाटलाकडे जाण्याइतकी नाही.

आणि मग कॅलेंडर घ्या. बोकडात एक शुक्राणू मुळापासून तयार व्हायला सुमारे ४८ दिवस लागतात, त्यानंतर अंडकोषाला लागून असलेल्या नळीत पिकायला आणखी दहा-बारा दिवस. म्हणजे आज जे वीर्य पडतंय त्याची सुरुवात दोन महिन्यांपूर्वी झालेली असते. शेळ्या लावल्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला, तर मागे मोजत सप्टेंबरच्या सुरुवातीला या. फवारा ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे अगदी कडेला, गवत सुकेपर्यंत आठ-दहा दिवस खाल्लं असेल असं धरलं तर आत येतो. पण ताप कधी, सप्टेंबरच्या मध्यात, चार दिवस. बरोबर तेव्हा, जेव्हा नोव्हेंबरमध्ये वापरायचे शुक्राणू अर्धवट घडलेले होते. अंडकोष शरीराबाहेर लटकतात ते उगाच नाही, आतल्यापेक्षा चार-पाच अंश गार राहावे लागतात, ताप आला की तो फरक जातो आणि अर्ध्या घडलेल्या पेशी मरतात. बोकड दोन-तीन दिवसांत उठून चरायला लागतो, मालक विसरतो, वीर्य मात्र पुढे महिना-दीड महिना, कधी दोन महिने पडकं राहतं. तुम्ही तर पत्रात "तेवढा सोडला तर" असं लिहून तो सोडूनच दिलात.

आता चिंट्या. त्याच बांधावर चरतो, आणि त्याच्या ९ पैकी ८ थांबल्या. गवतात एवढं विष असतं तर त्याच्यावर थोडा तरी परिणाम दिसायला हवा होता. मग दोघांत फरक काय काय आहे ते लिहून काढा. ताप राजाला आला. सरकी पेंड राजालाच, कारण तो महागाचा. कापलेला कॅनही राजाच्याच जागी. शेळ्या राजाकडे २२, चिंट्याकडे ९, आणि त्यातल्या एकाच दिवशी राजाकडे किती लावल्या ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण दिवाळीच्या सुट्टीत सगळं उरकायचं म्हणून चार-पाच लावल्या असतील तर शेवटच्या दोघींना वीर्य पातळच मिळालं असणार. मोठ्या बोकडालासुद्धा दिवसाला दोनच्या वर नको.

सरकी पेंडीवर जरा जास्त लिहिते कारण ती सगळ्या महाराष्ट्रात चांगला खुराक म्हणून चालते आणि दुभत्या म्हशीला ती खरंच चांगली आहे. पण सरकीत गॉसिपॉल नावाचा पदार्थ असतो आणि तो नराच्या शुक्राणूच्या मधल्या भागावर बसतो, तिथेच, जिथे शेपटीचं इंजिन आहे. १९७० च्या दशकात चीनने हे पुरुषांची गर्भनिरोधक गोळी म्हणून हजारो पुरुषांवर वापरून बघितलं होतं, गोळी काम करत होती, पण रक्तातलं पोटॅशियम घसरायला लागलं आणि काही जणांना गोळी बंद केल्यावरही मुलं झाली नाहीत, म्हणून सोडून दिलं. रवंथ करणारी जनावरं पोटातल्या जंतूंच्या मदतीने बरंचसं गॉसिपॉल निकामी करतात, त्यामुळे शेळी-म्हैस मरत नाही, पण भरपूर सरकी खाणाऱ्या वळूंच्या वीर्यात बिघाड दिसलाय, आणि सोबत ई जीवनसत्त्व दिल्यावर तो कमी झालेलाही दिसलाय. राजाला जुलैपासून म्हणजे नोव्हेंबरपर्यंत चार महिने झाले. माझं मत विचाराल तर ताप पहिला संशयित, पेंड दुसरी, आणि शेजारी तिसरा, तोही बऱ्याच अंतराने. पैदाशीच्या बोकडाला सरकी आजपासून बंद, त्याऐवजी शेंगदाणा पेंड नाहीतर सोयाबीनची द्या, आणि मिनरल मिक्स्चर रोजचं ठेवा, झिंक आणि सेलेनियम वीर्याला लागतं.

आणि तो कॅन. कसला होता दादा? पाच लिटरचा पांढरा कॅन शेतावर दुसरा कसला असतो? गावोगाव मी हेच बघते, तणनाशकाचा कॅन कापला की जनावराचं भांडं, वरचा भाग कापला की नरसाळं. तीनदा विसळून, भोकं पाडून, निकामी करून टाकायचा असतो तो. महिन्यांनंतर त्यातून फार काही उतरत असेल असं नाही, पण तुम्ही शेजाऱ्याच्या बांधाकडे बोट दाखवताय आणि घरच्या बोकडाला पाणी त्यातनं, हे मामांना कळलं तर भांडणाची हवाच जाईल. आज सिमेंटची कुंडी नाहीतर घमेलं ठेवा. पंपही पाण्याच्या जागेजवळ धुवू नका. आणि टाकीत तणनाशकाबरोबर युरिया-मीठ टाकायची सवय बऱ्याच जणांना आहे, "जास्त जळतं" म्हणून. शेळी खारट चवीला हावरट असते, सांडलेलं चाटते, आणि युरियाने तासाभरात फुगून मरू शकते. हा धोका वीर्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी जवळचा आहे.

चरण्याबद्दल, फवारलेल्या बांधावर तीन आठवडे कळप नेऊ नका आणि तिथलं गवत कापूनही आणू नका. शेजाऱ्याला एवढंच सांगा की मारायच्या आदल्या दिवशी फोन कर, आणि बांधाच्या दोन्ही टोकांना लाल चिंधी बांध. त्याने टू-फोर-डी मारलं असेल तर आणखी जपा, कारण ते मारल्यावर काही विषारी तणं सुकताना गोडसर होतात आणि एरवी त्यांना तोंड न लावणारी जनावरं ती आवडीने खातात. कायद्याचं विचाराल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांनी मारायचं. म्हणजे शेजाऱ्याने तेच मारलं असेल तर कागदावर तोही चुकला आणि, राग मानू नका, तुमच्या पंपात तेच असेल तर तुम्हीही.

आता तपासणी. राजाचं वीर्य तपासल्याशिवाय वरचं सगळं अंदाजच आहे, माझासुद्धा. शहापूरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारा, तिथे नाही जमलं तर परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं, तिथे प्रजननाचा स्वतंत्र विभाग आहे, फोन करून वेळ ठरवा आणि बोकडच घेऊन जा. हे मुद्दाम लिहितेय कारण माणसं काय काय करतात, एकजण वीर्य बाटलीत काढून बर्फात घालून आणतो म्हणाला होता. अचानक गार झालं की शुक्राणू मरतात, पाण्याचा थेंब लागला तरी मरतात, उन्हातही मरतात, कसारा लोकलच्या गर्दीतून आलेल्या डबीत डॉक्टरला काहीही दिसणार नाही आणि तुम्ही राजा वांझ म्हणून मोकळे व्हाल. बरेच दिवस शेळी न लावलेल्या बोकडाचं पहिलं वीर्यही धरू नका, त्यात जुने मेलेले शुक्राणू भरपूर असतात, डॉक्टरांना दुसरं घ्यायला सांगा. रिपोर्टमध्ये घट्टपणा आणि रंग, मायक्रोस्कोपखाली लाटा उठतात का, जिवंत किती, आणि बिघडलेले किती व बिघाड कुठे, डोक्यात, मधल्या भागात की शेपटीत, एवढं मागा. मधला भागच बहुतांश बिघडलेला निघाला तर पेंडीचा संशय वाढतो. डॉक्टर हाताने अंडकोषही चाचपतील. एका बाजूचा सुजलेला, कडक किंवा लहान लागला तर सगळी कथाच बदलते.

त्याच वेळी दोन्ही बोकडांचं रक्त ब्रुसेला नावाच्या जंतूच्या तपासणीसाठी द्या. ताप का आला होता ते कुणी शोधलेलं नाही, इंजेक्शन दिलं आणि बरा झाला एवढंच. ब्रुसेला अंडकोषात बसतो, कळपात गाभडं करतो आणि माणसाला लागतो, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत गाभडलेलं काहीही उघड्या हाताने उचलू नका आणि शेळीचं दूध उकळल्याशिवाय नको, मामा धारोष्ण पितात का ते विचारा. अजून एक, राजाला शिंगं आहेत ना? भुंड्या बोकडांमध्ये काही जन्मतःच नापीक निघतात, नळी अडलेली असते. सिरोहीला बहुतेक असतातच, आणि आधी त्याची करडं झाली असतील तर हा मुद्दा सोडून द्या.

गवताचा नमुना लॅबला द्यावा का, असं तुम्ही पुढे विचारालच. आता उपयोग नाही, ऑगस्टचं गवत उरलंय कुठे. पुढे कधी द्यायची वेळ आली तर लक्षात ठेवा, "पेस्टिसाइड रेसिड्यू टेस्ट" म्हणून जी नेहमीची चाचणी करतात ज्यात शेकडो औषधं एकदम बघतात, तिच्यात ग्लायफोसेट सहसा धरलंच जात नाही, ते पाण्यात इतकं विरघळतं की त्याला वेगळी पद्धत लागते. नाव घेऊन मागायचं आणि आधी विचारायचं, नाहीतर "काही सापडलं नाही" असा हजारोंचा कागद हातात येतो.

विकायचं म्हणताय तर आत्ता नाही. ताप असो, पेंड असो, तणनाशक असो, कारण थांबल्यावर नवीन शुक्राणू यायला तेच साठ दिवस लागणार. पहिली टेस्ट आत्ता, दुसरी दोन महिन्यांनी. पहिली खराब आणि दुसरी सुधारलेली आली तर राजा ठेवा. दोन्ही खराब आल्या तर देवनारच्या कत्तलखान्यात त्याचं वजन आहेच. तोवर उलटलेल्या १४ शेळ्या चिंट्याकडे लावा, दिवसाला दोन, आणि त्यातली कुठलीही चिंट्याची मुलगी किंवा बहीण नाही ना ते आधी बघा, घरचाच बोकड म्हणालात म्हणून विचारतेय.

आता शेवटचं, ते "सहज". मी जनावरांची डॉक्टर, त्यामुळे माणसांच्या डॉक्टरांकडे जावंच लागेल, पण तुम्ही मलाच विचारलंत म्हणजे अजून कुणाला विचारलेलं नसणार, असं धरून लिहिते. माणसाचा शुक्राणूही याच कच्च्या मालाचा बनतो, फक्त वेळ जास्त लागतो, अडीच ते तीन महिने. राउंडअपखाली माणसाच्या शुक्राणूंची हालचाल मंदावलेली बशीतल्या प्रयोगात दिसलीय, पण पंप मारणाऱ्या माणसाला तेवढ्याने मूल होत नाही असं त्यातून म्हणता येत नाही. रसायनाने माणसं नापीक होतात हे मात्र अगदी पक्कं माहीत असलेलं एक प्रकरण आहे, १९७७ चं, कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात मातीतल्या सूत्रकृमींवरचं डीबीसीपी नावाचं औषध बनवायचे, आणि आपल्या खात्यातल्या कुणालाच मुलं होत नाहीयेत हे आधी कामगारांच्याच लक्षात आलं, कुणा साहेबाच्या नाही. ते तणनाशक नव्हतं, तुमच्या पंपात ते नाही. सांगायचा मुद्दा इतकाच की विचारलं म्हणून कळलं.

तुम्ही पंप कसा मारता ते मला दिसतंय, हाफ पँट, बनियन, पायात काही नाही, आणि पाठीवरच्या पंपाचा वॉशर गळका. ते पाणी पाठीवरून खाली कुठे जातं? जांघेत. आणि अंडकोषावरची कातडी हातावरच्या कातडीपेक्षा कितीतरी पट जास्त शोषून घेते, हे माणसांवर मोजलेलं आहे. वॉशर बदला, फुल पँट, गमबूट, हातमोजे, वाऱ्याकडे पाठ, झाल्यावर साबणाने अंघोळ आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. खरं तर तुम्ही सहा महिने पंप हातातच घेऊ नका. बांध दोन एकराचा आहे, एक माणूस विळा घेऊन दोन दिवसांत साफ करेल आणि ते गवत शेळ्यांनाही चालेल.

आणि टेस्ट करा. तुमची आधी, बायकोची नंतर. आपल्याकडे उलटं होतं, तिच्या सोनोग्राफ्या, तिचे उपास, तिच्या गोळ्या, आणि तीन वर्षांनी कुणीतरी म्हणतं नवऱ्याचंही बघा. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूचंही काहीतरी असतं, आणि तुमची तपासणी तिच्या तपासण्यांपेक्षा स्वस्त आणि बिनदुखाची. एका मिलिलिटरमध्ये १६ दशलक्षच्या खाली आकडा आला तर लगेच हातपाय गाळू नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकातली ती खालची रेघ आहे, तिच्या खालीही मुलं होतात, आणि एका रिपोर्टवर कुठलाही शहाणा डॉक्टर निकाल देत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करायला सांगतो. गेल्या तीन महिन्यांत ताप आला असेल, डेंग्यू-मलेरिया काही झालं असेल तर ते त्यांना आठवणीने सांगा, राजासारखं "तेवढं सोडलं तर" करू नका. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून जा. नमुना तासाभराच्या आत लॅबच्या टेबलावर पोचायला हवा, म्हणून बीकेसीच्या ऑफिसजवळची नको, घराजवळ भांडुप नाहीतर मुलुंडची लॅब बघा, आणि शनिवारी आसनगावला जायच्या आधी सकाळीच उरकून टाका.